मोटारसायकलची साखळी : तपासणी आणि बदल

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आज शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि टपालवाटप करणारे कर्मचारी यांचा बराचसा प्रवास मोटारसायकलवरून होतो. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढावा लागतो, तर दुसऱ्या बाजूस वेंगुर्ल्याकडे उतरताना खारे वारे अंगावर येतात. पावसाळ्यातील चार महिने तांबडी माती आणि पाणी यांचा चिखल वाहनाच्या मागील चाकावर सतत उडत असतो. जांभ्याचे हे बारीक कण साखळीत शिरले म्हणजे तेलाशी मिसळून कानशीचे काम करतात. त्यामुळे अन्यत्र दीर्घकाळ टिकणारी साखळी येथे लवकर निकामी होते.

राज्यातील दुचाकी वाहनांचा इतिहास पाहिल्यास साखळीचा प्रश्न पूर्वी एवढा व्यापक नव्हता असे दिसते. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार होणाऱ्या चेतक स्कूटरला साखळी नव्हती. तिचे इंजिन दातेरी चक्रांद्वारे थेट मागच्या चाकाला जोडलेले असे. १९८५ च्या सुमारास १०० सी.सी. शक्तीच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली बाजारात आल्या आणि पुढे खेडोपाडी पोचल्या. त्यांच्याबरोबर साखळीही घरोघरी आली. बुश व रोलर असलेल्या या साखळीचे एकस्व हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे घेतले होते, आणि तिची मूळ रचना आजही तीच आहे.

साखळी 'लांबते' असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक पोलादी पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीतील पिन आणि तिच्याभोवतीचे बुश झिजते आणि ही किंचित झीज शंभराहून अधिक कड्यांत साठून लांबीच्या रूपाने दिसते. आपल्याकडील १०० ते १५० सी.सी. च्या बहुतेक मोटारसायकलींना ४२८ क्रमांकाची साखळी असते. यातील ४ हा अंक कडीचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असल्याचे दर्शवितो. म्हणून साखळी ताणून धरून वीस कड्यांचे अंतर मोजावे. नव्या साखळीत ते २५४ मिलिमीटर भरते. हे अंतर २५९ मिलिमीटरच्या पुढे गेल्यास साखळी बदलणेच योग्य. मापनासाठी शाळेतील साधी पट्टीही पुरते.

झिजलेली साखळी तुटण्याचे परिणाम केवळ प्रवास खोळंबण्यापुरते मर्यादित नसतात. तुटलेले टोक इंजिनाच्या आवरणावर आदळून ते फोडू शकते, किंवा मागच्या चाकात अडकून चाक जागीच रोखते. घाट उतरताना तर आणखी एक धोका संभवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनाची जी ओढ वेग आवरते, ती साखळीतूनच चाकापर्यंत पोचते; साखळी गेली की सारा भार ब्रेकवर येतो. आंबोलीच्या वळणांवर, मागे माणूस बसलेला असताना, याचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष बदलाकडे वळू. मुख्य स्टँडवर वाहन उभे करून इंजिन बंद व गिअर न्यूट्रल ठेवावा आणि किल्ली काढून घ्यावी. इंजिन चालू ठेवून फिरत्या साखळीला फडके लावण्याची काहींना सवय असते. अशा रीतीने बोटे गमावण्याचे प्रसंग घडतात, म्हणून चाक नेहमी हातानेच फिरवावे. दातेरी चाके, म्हणजेच स्प्रॉकेट, बदलावयाची असल्यास पुढच्या स्प्रॉकेटची पकड जुनी साखळी चढलेली असतानाच, मागचा ब्रेक दाबून, सैल करून घ्यावी. साखळी काढल्यावर ते चाक मोकळे फिरते आणि मग कोणताही पाना उपयोगी पडत नाही. दात आकड्यासारखे वाकले असतील तर तिन्ही भाग एकदमच बदलावेत. जुन्या दातांवर नवी साखळी चढविणे ही खोटी काटकसर होय.

जुन्या साखळीला क्लिपचे लॉक असेल तर पक्कडीने काम भागते. रिव्हेट केलेली साखळी तोडण्यासाठी, तसेच नवी साखळी लांब असल्यास ती कमी करण्यासाठी मात्र चेन ब्रेकर लागतो. अनेक ठिकाणी आजही ऐरणीवर छिन्नी-हातोडा चालतो. त्यामुळे शेजारच्या कड्या वाकतात आणि तोच दोष पुढे रस्त्यात उघड होतो. ब्रेकर हे साधे, कमानीच्या आकाराचे साधन आहे. त्यातील स्क्रू फिरविला की एक बारीक कठीण पिन पुढे सरकून कडीची पिन बाहेर ढकलते. प्रथम कडीच्या पिनचे फुगलेले डोके कानशीने पट्टीच्या पातळीपर्यंत घासून टाकावे. मग त्याच बाजूने ब्रेकर लावून दोन्ही पिना नेमक्या समोरासमोर आणाव्यात आणि स्क्रू सावकाश आवळावा. ब्रेकरची पिन तिरकी लागल्यास ती तुटून उडते, यास्तव डोळ्यांवर चष्मा हवाच.

कड्यांची संख्या जुनी साखळी मोजून ठरवावी. दोन्ही साखळ्या शेजारी ठेवून लांबी जुळवू नये, कारण जुनी लांबलेली असते. बाहेरच्या पट्टीची एक संपूर्ण कडी, म्हणजे तिच्या दोन्ही पिना, काढाव्यात. त्यामुळे दोन्ही टोकांना आतल्या, अरुंद पट्ट्या राहतात व त्यांतच लॉक बसते. लॉक धरून एकूण कड्या समसंख्येनेच येतात.

स्प्रॉकेट बदलावयाचे नसेल तर नव्या साखळीचे टोक जुन्याच्या टोकाला लॉकने तात्पुरते जोडून जुनी ओढीत जावे. नवी आपोआप पुढच्या दातांवरून फिरून येते. अखेरचा जोड मागच्या स्प्रॉकेटवर घ्यावा, तेथे दात दोन्ही टोके धरून ठेवतात. क्लिपचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस असावे. उलट बसलेली क्लिप एखाद्या काटकीला अडकूनही निसटते.

खालच्या बाजूस मध्यभागी साखळी वरखाली सुमारे २० ते ३० मिलिमीटर हलावी. नेमके माप वाहनाच्या पुस्तिकेत असते. चाक फिरवून सर्वांत घट्ट जागी हे पाहावे. अति घट्ट साखळी अधिक घातक, कारण दोन माणसे बसून खड्ड्यात वाहन दबले की ती आणखी ताणली जाते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून मगच चाकाची नट पक्की करावी.

साखळीवरील आवरण आणि मागच्या चाकाचे संरक्षक कवच काम झाल्यावर परत बसविलेच पाहिजे. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात गुंतू नये म्हणून चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे साधन केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार आवश्यक आहे. साडी किंवा ओढणी अडकून होणारे अपघात पाहता या तरतुदीचे महत्त्व पटते. मात्र बंद आवरणामुळे साखळी दृष्टीआड राहते, आणि तिची तपासणी नेमकी त्यामुळेच टळते.

पावसाळ्यात दर आठवड्यास केरोसीनने पुसून, कोरडी करून, ९० क्रमांकाचे गिअर ऑइल आतल्या बाजूने लावावे. पेट्रोल वापरू नये. रबरी ओ-रिंग असलेल्या साखळीवर तारेचा ब्रशही वर्ज्य. अवजारांच्या पिशवीत त्याच मापाचे एक जास्तीचे लॉक कागदात गुंडाळून ठेवावे.