स्मृतिभ्रंशातील मूत्रविकार आणि विनामोबदला शुश्रूषा
२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील ६० वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. या विकारात मूत्राशय निरोगी असूनही लघवीची संवेदना ओळखता येत नाही किंवा शौचालय सापडत नाही. दर दोन-तीन तासांनी रुग्णास शौचालयात नेल्यास त्रास कमी होऊ शकतो. तो अचानक वाढल्यास मूत्रमार्गाच्या संसर्गाची तपासणी आवश्यक ठरते. ही शुश्रूषा बहुधा घरातील स्त्रिया विनामोबदला करतात. पगारी परिचारिकेची सेवा राष्ट्रीय उत्पन्नात गणली जाते, गृहिणीची नाही. २०१९ व २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणांत घरगुती शुश्रूषेचा वेळ नोंदविला गेला. वृद्धकल्याणाच्या धोरणात या श्रमांचा विचार होणे अगत्याचे आहे.