लाकडात पन्नास वर्षे दडून बसणारा सोनेरी भुंगा

खोडकीड आपल्या रोजच्या ओळखीची आहे. आज लाकूड पोखरणाऱ्या एका परदेशी किडीची माहिती घेऊ. कीड तिकडची असली तरी धडा आपल्या फडातला आहे.

अमेरिकेच्या व कॅनडाच्या पश्चिम भागात डग्लस फर, पाइन अशी सूचिपर्णी झाडे आहेत. आपल्या हिमालयातल्या चीड-देवदारांच्याच वर्गातली ही झाडे. त्यांत ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा नावाचा भुंगा राहतो. लिनियस या शास्त्रज्ञाने १७६७ साली त्याला हे नाव दिले. अंग धातूसारखे चकचकीत हिरवे, पंखांच्या कडेला तांबूस सोनेरी झाक. दिसायला दागिनाच!

मादी सालीच्या फटीत किंवा झाडाच्या जखमेत अंडी घालते. अळी आत शिरून लाकूड खात पुढे सरकते आणि मागचा बोगदा भुशाने गच्च भरते. त्यामुळे बाहेरून काही पत्ता लागत नाही. रानात तिची वाढ साधारण दोन ते चार वर्षांत पुरी होते. पण तेच लाकूड कापून, वाळवून घराला लावले, की कोरड्या लाकडात पोषण कमी पडते आणि वाढ फार मंदावते. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात १९८३ साली एका घराच्या जिन्यातून ही कीड निघाली. ती किमान ४७ वर्षे आत होती. ५१ वर्षांनी निघाल्याचीही नोंद आहे.

आता कुणी म्हणेल, मग घर गेलेच की! तसे नाही. बाहेर निघालेला भुंगा वाळलेल्या लाकडात पुन्हा अंडी घालत नाही. भोक आज दिसले तरी कीड शिरली होती झाड रानात असताना. तेव्हा भोक दिसल्यावर वरून औषध मारून काय उपयोग? आतपर्यंत पोचते ती उष्णता. म्हणूनच परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

उसाच्या पायाभूत बेण्याला गवताळ वाढीसारख्या रोगांसाठी उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया करतात, तिच्यामागेही हाच विचार आहे. रोग कांडीच्या आत असतो, वरच्या फवाऱ्याने तो जात नाही.

खोडकिडीचेही बघा. पतंग पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालतो. अळी जमिनीलगत कोंबात शिरते. मग पोंगा वाळतो, ओढला की सहज उपटून येतो आणि कुजका वास मारतो. तो कोंब तर हातचा गेलाच. पोंगे वाळलेले बघून पंप खांद्याला लावणे म्हणजे चोर घरात शिरल्यावर कडी लावणे.

म्हणून ध्यानात ठेवावे :

(१) बेणे निरोगी मळ्यातलेच घ्यावे.
(२) ट्रायकोग्रामाची कार्डे वेळेवर लावावीत. हा परोपजीवी कीटक किडीची अंडीच मारतो, अळी आत गेल्यावर त्याचा इलाज चालत नाही.
(३) बाळबांधणी चुकवू नये. बुडाला माती लागली की अळीची वाट अडते.
(४) पोंगेमर झालेले कोंब जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करावेत.

किडीचा बंदोबस्त ती शिरण्याआधी करायचा. शिरल्यावर उरतो तो फक्त खर्च.