मालक वारले, घर वारसांकडून घ्यायचंय: उशीर कुठे होतो आणि तोवर भांडवल कसं सांभाळायचं

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जागा घेण्याबद्दल बोललो. त्यातला एक भाग जरा नीट लिहून देतो, कारण इथेच छोट्या उद्योजकाचं भांडवल सगळ्यात जास्त अडकतं.

समजा, तुम्हाला फराळाचा उद्योग वाढवायचाय. मागे राहायचं, पुढच्या खोलीत कामकाज, असं एक घर ४० लाखांत मिळतंय. भाव बरा आहे, रस्ता चांगला आहे. फक्त घर ज्यांच्या नावावर आहे ते काका वर्षभरापूर्वी वारले. मुलगा म्हणतो, "काही प्रॉब्लेम नाही, महिन्याभरात करून टाकू." तो खोटं बोलत नसतो. त्याला पुढची कामं माहीत नसतात, एवढंच. ती तुम्हाला माहीत हवीत.

आधी वारस मोजा

काका हिंदू होते, घर त्यांनी स्वतः कमावलेलं होतं आणि मृत्युपत्र नाही, असं धरू. मागे आई, पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पाच समान हिस्से होतात. म्हणजे ४० लाखांत प्रत्येकाचे ८ लाख. मुलाचा हिस्सा फक्त एक पंचमांश! लग्न झालेल्या मुली आणि काकांची म्हातारी आई, ही नावं लोक हमखास विसरतात. एखादा मुलगा काकांच्या आधीच गेला असेल, तर त्याची पत्नी आणि मुलंही वारस असतात.

"बहिणीचं नंतर बघू, तुम्ही आमचा हिस्सा तर घ्या," असं कोणी म्हटलं तर थांबा. कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र ताब्याचा हक्क मिळत नाही. पैसे जातील आणि भट्टी लावायला जागा मिळणार नाही. मग वाटपाचा दावा लावत बसावं लागेल.

उशीर नेमका कुठे होतो?

१. वारस नोंद: गावात सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा उतारा, शहरात सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. यावर वारसांची नावं लागली पाहिजेत. सातबाऱ्याच्या फेरफारात नोटिशीनंतर १५ दिवस हरकतीसाठी असतात. हरकत आली की प्रकरण लांबतं. आणि लक्षात ठेवा, ही नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नाही.

२. नॉमिनीचा घोळ: फ्लॅट किंवा सोसायटीतला गाळा असेल तर "नॉमिनी मीच आहे" असं ऐकायला येतं. नॉमिनेशनमुळे बाकी वारसांचा हक्क संपत नाही. सह्या त्यांच्याही घ्या.

३. कोर्टाचा दाखला: वकील किंवा बँक वारस दाखला मागू शकते. तो दिवाणी न्यायालयातून मिळतो आणि त्याला महिने लागतात. सक्सेशन सर्टिफिकेट वेगळं. ते बँकेतली रक्कम, शेअर्स यांसाठी असतं. चुकीचा अर्ज केला तर वेळ फुकट जातो. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट लागेल का, हे वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

४. अज्ञान वारस: १८ वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला आलेला हिस्सा विकायचा, तर कोर्टाची परवानगी लागेल का, हे आधी तपासा. साधारणपणे लागतेच. आईची सही पुरेशी आहे असं धरून चालू नका.

५. परदेशातला वारस: तो कुलमुखत्यारपत्र पाठवेल. ते तिथे रीतसर साक्षांकित होऊन यावं लागतं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो. परदेशी राहणाऱ्याच्या हिश्शावर टीडीएसचे नियमही वेगळे आहेत, सीएला आधीच गाठा. आणि हो, खुद्द काकांनी हयातीत दिलेलं साधं मुखत्यारपत्र त्यांच्याबरोबरच संपलं. त्यावर व्यवहार करू नका.

मग आपण काय करायचं?

पहिलं, टोकन छोटं ठेवा. वारस नोंद व्हायच्या आधी मोठी रक्कम देऊ नका. जे द्याल ते चेकने किंवा ऑनलाइन, आणि लेखी पावती घेऊन.

दुसरं, साठेखतात सगळे वारस हवेत. ते नोंदणीकृत करा. त्यात कोणतं कागद कोण आणणार, किती तारखेपर्यंत आणणार, आणि नाही जमलं तर पैसे किती दिवसांत परत, हे स्पष्ट लिहा. पैसे टप्प्याने: नोंद झाली की एवढे, दाखला आला की एवढे, बाकी खरेदीखताच्या दिवशी.

तिसरं, वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. लपलेला वारस आत्ता समोर आलेला बरा. मशीन बसवल्यावर आला तर जास्त महाग पडतो.

चौथं, एखाद्या वारसाला हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. घरगुती कागदावरच्या "माझी हरकत नाही" यावर विसंबू नका.

पाचवं, सगळे एका दिवशी येऊ शकत नसतील तर घाबरू नका. सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला देता येतो, आणि वेगवेगळ्या दिवशी सह्या झाल्या तर प्रत्येक सहीपासून तेवढी मुदत धरता येते. तारखा मात्र वकिलाकडून आखून घ्या.

तोवर धंद्याचं काय?

हा खरा प्रश्न आहे. समजा तुमच्याकडे स्वतःचे १२ लाख आहेत आणि बाकी कर्ज. १२ च्या १२ लाख घरात गुंतवून वाट बघत बसलात, तर दिवाळीचा बेसन-तेलाचा माल कशावर भरणार? म्हणून निदान चार-सहा महिन्यांचं खेळतं भांडवल बाजूला काढा, त्याला हात लावू नका. कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत तपासा. ती संपत आली की बँकेला वेळेत कळवा.

सगळे वारस तयार असतील तर त्याच जागेसाठी तात्पुरता लिव्ह अँड लायसन्स करार, नोंदणीकृत, करता येतो. नाहीतर सध्याची भाड्याची जागा सोडू नका. आणि खरेदीखत होईपर्यंत त्या घरात ओटा, फरशी, जास्त लोडची वीज, काहीही करू नका. परक्याच्या घरात केलेला खर्च परत मिळेलच असं नाही.

शेवटचं: स्वतःसाठी एक तारीख ठरवा. "अमुक तारखेपर्यंत कागद आले नाहीत तर दुसरी जागा." ती घरच्यांना सांगून ठेवा. एका घरावर जीव जडला की माणूस तारखा ढकलत राहतो. वारसांशी बोलताना मात्र मऊपणा ठेवा. त्यांच्या घरातलं माणूस गेलंय, आणि घाई केली की आधी तयार असलेली बहीणही बिथरते.

आजचा गृहपाठ: तुम्ही बघत असलेल्या जागेच्या वारसांची यादी करा. नाव, वय, राहतात कुठे, सही करायला तयार आहेत का. चार रकाने, एक पान. एक जरी रकाना रिकामा असेल, तर टोकन खिशातच ठेवा.

शंका असतील तर कमेंटमध्ये विचारा, पण कोणाचीही नावं, कागदपत्रांचे फोटो टाकू नका. प्रत्येक घराचं प्रकरण वेगळं असतं, त्यामुळे सही करण्याआधी वकिलाला दाखवाच. भेटू पुढच्या भागात!