‘राइट ऑफ’ : वहीतून वजा, देण्यातून नव्हे

इंग्रजीत ‘राइट’ म्हणजे लिहिणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर, बाजूला. हे दोन शब्द एकत्र आले की निराळेच क्रियापद तयार होते. जमाखर्चाच्या भाषेत ‘राइट ऑफ’ म्हणजे वसुलीची आशा मावळलेली रक्कम ताळेबंदाच्या मालमत्तेतून कमी करणे. यासाठी मराठीत ‘निर्लेखन’ हा पारिभाषिक शब्द आहे. जबलपूरच्या बाजारात ‘बट्टे खाते’ हा हिंदी शब्द कानी पडतो, तर मराठी घरांत ‘बुडीत खाते’. ‘बुडीत’ म्हटले की कर्जच बुडाले, आता देणे उरले नाही, असा समज होतो. घोटाळा होतो तो येथेच.

समजा, जबलपूरच्या एका दुकानदाराने २५ लाखांचे कर्ज घेतले आणि हप्ते थकले. थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली की खाते अनुत्पादक ठरते. पुढे नफ्यातून तरतूद करून बँकेने ते ‘राइट ऑफ’ केले. दुकानदार समजतो, आपण सुटलो! प्रत्यक्षात त्याचे देणे, तारण आणि जामीनदाराची जबाबदारी कायम असते. पतमाहिती अहवालात तसा शेरा उमटतो व नवे कर्ज मिळणे अवघड होते. २० लाख वा अधिक रकमेसाठी बँक १९९३ च्या कायद्यान्वये कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. मध्य प्रदेश व छत्तीसगडसाठीचे हे न्यायाधिकरण जबलपुरातच आहे.

कर्जमाफीसाठी इंग्रजीत ‘वेव्ह’ हे वेगळे क्रियापद आहे. २००८ च्या केंद्रीय योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांची पात्र थकबाकी माफ झाली. तेथे देणेच संपले. ‘राइट ऑफ’मध्ये केवळ बँकेच्या हिशेबातील नोंद बदलते.

वाक्यरचनेचा नियम सोपा आहे. ‘द बँक रोट ऑफ द लोन’ आणि ‘द बँक रोट द लोन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. मात्र सर्वनाम असेल तर ते मध्येच येते : ‘राइट इट ऑफ’. ‘राइट ऑफ इट’ ही रचना अशुद्ध होय. ‘राइट डाउन’ म्हणजे मालमत्तेची पुस्तकी किंमत केवळ घटविणे.

बँकेबाहेरही हा शब्दप्रयोग चालतो. अपघातात दुरुस्तीपलीकडे गेलेली गाडी ‘राइट ऑफ’ ठरते. ‘डोन्ट राइट हिम ऑफ’ म्हणजे त्याला मोडीत काढू नका.

कर्मचाऱ्यांनी ग्राहकाशी बोलताना ‘खाते राइट ऑफ झाले’ एवढ्यावर न थांबता ‘देणे मात्र कायम आहे’ हेही आवर्जून सांगावे. ग्राहकानेही पूर्ण परतफेडीनंतर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा. एका शब्दाचा नेमका अर्थ कळला, तर पुढचा मनस्ताप टळतो.