सुट्टीत लंडनला शिकायला जाता येतं का?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्रिटनमधली विद्यापीठं उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचे कोर्स घेतात म्हणे. आमच्यासारख्यांना तिथे प्रवेश मिळतो का? घरी संत्र्याची बाग आहे, नोकरीत कुणीच नाही. एक एजंट म्हणतो, सगळं करून देतो.
– एक विद्यार्थिनी, पांढुर्णा

उत्तर : मिळतो. पदवीच्या प्रवेशाला असते तशी चुरस इथे नसते. कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, बऱ्यापैकी गुणपत्रिका आणि इंग्रजी येत असल्याचा पुरावा, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं. जून ते ऑगस्ट तिथले नेहमीचे विद्यार्थी घरी जातात, वर्ग आणि वसतिगृहं रिकामी पडतात. बाहेरच्यांसाठी असा उन्हाळी मेळावा ऑक्सफर्डने 1888 मध्येच भरवला होता. आज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे वर्ग विशेष नावाजलेले आहेत. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये दाखल झाले ती हीच संस्था. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, ते पुन्हा जाऊ शकले 1920 मध्ये. तेव्हा आधी पैशाचंच बोलू.

तीन आठवड्यांच्या एका विषयाची फी तिथे तीन हजार पौंडांच्या आसपास जाते, म्हणजे आपले साडेतीन लाखांच्या घरात. खोली, जेवण, विमान धरून माझ्या अंदाजाने सहा लाखांची तयारी हवी. नागपूरच्या पेपरातल्या शिष्यवृत्तीच्या जाहिराती वाचून हुरळू नका. राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना मिळते. आपण घरात मराठी बोलत असलो तरी डोमिसाइल मध्य प्रदेशचं आहे. शिवाय ती काय किंवा ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग काय, पुढच्या पूर्ण पदवीसाठी असतात. तीन आठवड्यांना कुणी विचारत नाही. इथे न मिळणारा एखादा नेमका विषय शिकायचा असेल तरच हा खर्च करावा. नुसतं लंडन बघायचं असेल तर बागेवर कर्ज काढू नये.

व्हिसाचं मात्र वाटतं तितकं अवघड नाही. मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकायला साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. एप्रिल 2025 मध्ये त्याची फी 127 पौंड झाली. क्षयरोगाची तपासणीही सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांनाच लागते. पासपोर्टचा अर्ज 2018 पासून देशात कुठूनही करता येतो, म्हणजे भोपाळऐवजी नागपूरला गेलात तरी चालेल. पोलिस पडताळणी तेवढी पांढुर्ण्यात होईल.

घोडं अडतं ते बागेच्या पैशापाशी. आंबिया बहार व्यापाऱ्याला झाडावरच दिलेला असतो, अर्धी रक्कम रोख, अर्धी तोड झाल्यावर. पासबुकात दहा महिने खडखडाट आणि एके दिवशी एकदम चार लाख! व्हिसा अधिकाऱ्याला बहार कसा कळणार? त्याला वाटतं, दाखवण्यापुरते उसने आणून ठेवलेत. म्हणून यंदाचा सौदा करतानाच बाबांना सांगा, पैसे खात्यातच घ्या. व्यापाऱ्याची चिठ्ठी, मंडीत माल नेला असेल तर तिथली पावती, खसरा आणि बी-वनच्या नकला जपून ठेवा. हे सगळे कागद हिंदीत असणार, त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. आणखी एक बघा. पांढुर्णा जिल्हा झाला 2023 मध्ये. आधारवर जिल्हा छिंदवाडा आणि नव्या दाखल्यावर पांढुर्णा असं असेल तर अर्जाआधीच एकसारखं करून घ्या.

एजंटाला एकच विचारा : कोर्स स्वतः विद्यापीठ घेतं की दुसरं कुणी? सुट्टीत ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या इमारती भाड्याने घेऊन खासगी कंपन्याही वर्ग चालवतात. त्यांच्या माहितीपत्रकावर फोटो कॉलेजच्या घुमटाचा असतो, प्रमाणपत्र मात्र कंपनीचं. ब्रिटिश विद्यापीठांच्या वेबसाइटचा पत्ता सहसा 'डॉट एसी डॉट यूके'ने संपतो. अर्ज आणि फी थेट तिथेच भरता येते, एजंट लागत नाही.

तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, हेही ध्यानात असू द्या. जुलैतला कोर्स घेतलात तर इथलं कॉलेज सुरू झालेलं असेल. आणि तिथले गुण आपल्या गुणपत्रिकेत आपोआप चढत नाहीत. छिंदवाड्याचं राजा शंकर शाह विद्यापीठ ते धरणार का, हे आधी लेखी विचारून घ्या. तोंडी 'हो जाएगा'वर जाऊ नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो, अशा कोर्सला गेलो तर तिथे हॉटेलात काम करून खर्च काढीन. जमेल का?
– एक पालक, सौसर

उत्तर : नाही. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. आठवड्याला 20 तास काम करायची जी मुभा ऐकू येते ती पदवीसाठी स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांची. पकडला गेला तर पुढची कित्येक वर्षं त्याला ब्रिटनचा व्हिसा मिळणं मुश्कील होईल. सगळा खर्च घरूनच करायचा आहे असं धरून हिशेब मांडा.