कुकडीच्या काठाने सायकलवर : भूगोलाचा एक पाठ

सहावी-सातवीच्या वर्गातील मुले "दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे" हे वाक्य न अडखळता म्हणून दाखवितात. परंतु त्याच मुलांस "आपल्या शाळेची पायरी कोणत्या दगडाची आहे?" असे विचारले, तर बहुधा वर्ग गप्प राहतो. ज्वालामुखी म्हणजे चित्रातला शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा डोंगर, आणि तो कोठे तरी दूर देशी असावयाचा, अशी त्यांची समजूत असते. यात मुलांचा दोष नाही. जे पायांखाली आहे ते त्यांनी पुस्तकात वाचले. पाहिले मात्र नाही. आणि पुष्कळदा गुरुजींनीही ते पाहिलेले नसते.

ही उणीव भरून काढण्यास फार साधनांची गरज नाही. एक साधी सायकल, सुटीतील तीन दिवस आणि एक नदी एवढे पुरे आहे. मोटारीतून जाताना डोंगर खिडकीबाहेर पळतो आणि पायी चालताना पल्ला आखूड पडतो. सायकलस्वारास मात्र प्रत्येक चढ गुडघ्यांत कळतो, उतार कानांतल्या वाऱ्याने कळतो, आणि हवे तेथे थांबता येते. याकरिता येथे कुकडी नदीचा मार्ग उदाहरणादाखल दिला आहे.

मार्गाची रूपरेषा

कुकडी ही पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन घोड नदीस मिळते; घोड भीमेस व भीमा कृष्णेस मिळते. म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब बंगालच्या उपसागराकडे जातो आणि काही पावलांवर पश्चिमेस पडलेला थेंब कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळतो. जलविभाजक या शब्दाचा अर्थ समजावून देण्यास याहून चांगली जागा मिळणे कठीण.

पहिल्या दिवशी जुन्नरहून नाणेघाटापर्यंत जाऊन परत यावे. दुसऱ्या दिवशी जुन्नरहून बोरी बुद्रुकपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी तेथून निघोजपर्यंत जावे. पुणे-नाशिक महामार्ग केवळ ओलांडण्यापुरता वापरावा. एरवी गावांना जोडणारे लहान रस्ते धरावेत. तेथे वाहने थोडी असतात व विचारपूस करावयास माणसे भेटतात.

पहिला दिवस : थरांचा डोंगर

जुन्नरहून पश्चिमेकडे निघाल्यावर माणिकडोह धरणाचा जलाशय व पुढे चावंडचा किल्ला दिसतो. येथे थांबून डोंगरांच्या माथ्यांकडे पाहावे. ते टोकदार नसून सपाट आहेत, आणि कड्यांवर आडव्या पट्ट्या एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे जमिनीस लांबच लांब भेगा पडल्या व त्यांतून पातळ लाव्हारस वारंवार बाहेर येऊन दूरवर पसरला. एक थर निवाला की कालांतराने त्यावर दुसरा आला. असे थर साचून सह्याद्रीत त्यांची एकूण जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरांच्या आसपास गेली. आजही या खडकाने सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. "मग ज्वालामुखीचा डोंगर कोठे गेला?" या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. येथे एक डोंगर फुटला नव्हता. भुईच उकलली होती.

दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक थर निवाल्यानंतर दुसरा येईपर्यंत ऊन, पाऊस व वारा यांनी वरचा खडक झिजून त्याची माती झाली, तीच ही माती. म्हणजे हा तांबडा पट्टा मधल्या विश्रांतीच्या काळाची खूण होय. रस्त्याकडेच्या दगडांत लहान छिद्रे दिसतील. लाव्हारसातील वायूचे बुडबुडे तेथे अडकून राहिले होते. काही छिद्रांत पुढे पांढरी, चमकदार खनिजे भरली.

नाणेघाटात याच खडकात कोरलेली गुहा आहे. तीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनकालीन ब्राह्मी लेख असून त्यातील अंकचिन्हे भारतातील जुन्या अंकलेखनाचा मौल्यवान पुरावा समजली जातात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारा व्यापारी मार्ग या खिंडीतून जात असे. भूगोल व इतिहास हे दोन विषय येथे एकाच शिळेवर भेटतात.

दुसरा दिवस : दोन ज्वालामुखींची भेट

जुन्नरहून निघताना शिवनेरीचा कडा दृष्टीस पडतो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हा किल्ला याच थरांच्या डोंगरावर उभा आहे. पुढे जमीन सैल व सखल होत जाते. पहिल्या दिवशी पाहिलेली भातखाचरे मागे पडून ऊस, भाजीपाला व द्राक्षे दिसू लागतात. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्याने उणावतो, हे पिकांवरूनच वाचता येते.

बोरी बुद्रुक येथे नदीकाठच्या गाळात राखाडी-पांढऱ्या, पिठासारख्या बारीक कणांचा एक थर आहे. ती ज्वालामुखीची राख होय. परंतु सह्याद्रीच्या लाव्हारसाशी तिचा काहीही संबंध नाही. ही राख येथून तीन हजारांहून अधिक किलोमीटरांवरील सुमात्रा बेटाच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्याबरोबर आली, आणि तिचा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली असल्यामुळे राखेच्या वयाला फार महत्त्व आले, आणि ती याहून पुष्कळ जुनी आहे असेही मत मांडले गेले. हा मतभेद मुलांपासून लपवू नये. पुराव्याप्रमाणे मत बदलणे ही शास्त्राची दुर्बलता नसून त्याचे बळ आहे, हे त्यांस लहान वयातच कळावे.

मात्र ही राख उकरू नये व नमुना म्हणून बाटलीत भरून आणू नये. शंभर शिक्षकांनी मूठ मूठ नेली, तर पुढील मुलांस दाखविण्यास थर उरणार नाही.

तिसरा दिवस : पाण्याने कोरलेली घळ

आता प्रदेश उघडा व कोरडा होतो. बाजरी व ज्वारीची शेते दिसतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील निघोज व पलीकडच्या तीरावरील शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी यांच्यामध्ये कुकडीने कठीण काळ्या खडकात अरुंद घळ कोरली आहे. तिच्या पात्रात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे आहेत. त्यांस रांजणखळगे असेच म्हणतात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक दळत राहतात. खळगा खोल होतो आणि गोटाही झिजून लहान होतो. पाणी मऊ व दगड कठीण, तरी काळ हाताशी असला की मऊ जिंकते, हे येथे डोळ्यांनी दिसते.

वर्गातील उपयोजन

हा सर्व प्रवास शिक्षकाने स्वतः करावयाचा आहे. मुलांस एवढ्या दूर नेण्याचे कारण नाही. त्यांच्यासाठी गावापासून दोन-तीन किलोमीटरांवरील ओढा, विहीर किंवा दगडाची खाण पुरेशी आहे; मात्र विहीर व खाण कडेपासून दूर उभे राहून दाखवावी. तेथे पुढील तीन कामे द्यावीत.

१. सायकलच्या चाकाचा परीघ दोऱ्याने मोजावा. तो २ मीटर २० सेंटीमीटर भरला, तर चाकाच्या सुमारे ४५५ फेऱ्यांत १ किलोमीटर होतो. चाकास रंगीत चिंधी बांधून फेऱ्या मोजाव्यात व रस्त्याचा नकाशा काढावा.

२. जेथे सायकल ढकलावी लागली तेथे नकाशावर चढाची खूण करावी आणि जेथे ती पायडल न मारता चालली तेथे उताराची. समोच्च रेषा शिकविण्याची ही पूर्वतयारी होय.

३. विहिरीच्या उघड्या भागात मातीचे व खडकाचे थर कोणत्या क्रमाने दिसतात, ते वहीत काढावे. सर्वांत जुना थर कोणता, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

दक्षता

प्रवास पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. जुन्नर परिसरात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असतो, म्हणून पहाटे व सायंकाळी प्रवास करू नये. रांजणखळग्यांच्या कडा निसरड्या असतात आणि खालच्या पाण्याची खोली वरून कळत नाही. तेथे पाण्यात उतरू नये. वरच्या धरणांतून पाणी सोडले असल्यास पात्रात मुळीच जाऊ नये. निघण्यापूर्वी ब्रेक तपासावेत. पंप व पंक्चरचे साहित्य जवळ ठेवावे. अवघड चढावर उतरून सायकल ढकलावी. त्यात कमीपणा नाही.

कुकडीकाठी न राहणाऱ्या शिक्षकांनी आपल्या भागातील नदी निवडावी. तिला उगम असेल, वळणे असतील आणि कोठे तरी खडक उघडा पडला असेल. सुटीनंतर गुरुजी किंवा बाई जेव्हा पुन्हा "दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले आहे" हे वाक्य वाचतील, तेव्हा त्यांनी पुस्तक क्षणभर मिटावे आणि मुलांस शाळेच्या पायरीवर हात ठेवावयास सांगावे. तेथून पुढचा पाठ मुलांच्या प्रश्नांनीच चालेल.