परसबागेतील पाठ : खुडणे आणि उपटणे

मेहकर तालुक्यातील जानेफळच्या परिसरात काळी जमीन आहे. ती पाणी धरून ठेवते. म्हणून कोथिंबीर, पुदिना यांसारख्या सुवासिक वनस्पतींसाठी वाफा थोडा उंच करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. कोथिंबिरीची पेरणी दिवाळीच्या सुमारास करावी. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. म्हणून धने हलकेच रगडून दुभंगावेत व रात्रभर भिजवून पेरावेत. अंकुर दिसण्यास 8 ते 15 दिवस लागतात. मुले अधीर होऊन माती उकरून पाहतात. धीर धरण्याचा पाठ तेथेच द्यावा.

सुमारे 40 दिवसांनी पाने काढण्याजोगी होतात. बाजारासाठी कोथिंबीर मुळासकट उपटतात. घरी मात्र बाहेरची पाने देठासह कापून मधला कोंब राखावा, म्हणजे त्याच रोपाला पुन्हा पाने फुटतात. पुदिन्याचा शेंडा पेऱ्याच्या वर खुडावा. पेऱ्यापासून नव्या फांद्या निघतात. पानांचा सुगंध त्यांतील उडून जाणाऱ्या तेलामुळे असतो. यास्तव दव सुकल्यावर, ऊन तापण्यापूर्वी खुडणी करावी व पाने सावलीत वाळवावीत.

वाफ्याचा एक कोपरा मात्र कोणीही खुडू नये. तेथे पांढरी फुले येतील, मधमाश्या येतील आणि धने पिकतील. तेच पुढील दिवाळीचे बियाणे होय. आज सर्वच खाल्ले, तर उद्या बी विकत आणावे लागते.

स्वाध्याय : कोथिंबिरीचे एक रोप उपटा, दुसऱ्याची बाहेरची पाने कापा. तीन आठवड्यांनी दोन्ही जागी काय दिसते, ते वहीत लिहा.